आधी वजाबाकी, मग पारख : सोलापूरच्या फुटबॉल अकादमीत नव्याने आलेल्या प्रशिक्षकांसाठी

पहिल्या दिवशी मैदानावर आलात की एका पोरावर तुमची नजर जाणारच. अंगाने थोराड, ओठावर मिसरूड फुटलेलं, मधल्या रेषेपासून चेंडू घेऊन सुटतो आणि तिघा-चौघांना खांद्याने बाजूला सारत गोल करतो. कडेला उभे असलेले पालक म्हणतात, "सर, हा लई पुढं जाणार बघा." मलाही तसंच वाटायचं. आमच्या बारा वर्षांखालच्या संघात असाच एक होता, मोसमातले निम्मे गोल त्याचे. पंधराव्या वर्षी बाकीची पोरं त्याच्या उंचीला आली आणि त्याच्याकडे धक्क्याशिवाय दुसरं काही नाही हे आम्हाला कळलं. वाईट म्हणजे त्यालाही त्याच वेळी कळलं. त्याच संघात राखीव बाकावर एक काटकुळा पोरगा बसायचा. त्याला आम्ही तिसऱ्या वर्षाअखेर सोडला. आज तो एका कॉलेज संघात मधली फळी सांभाळतो. आमच्याकडे तीन वर्षं होता, पण त्याच्याबद्दल आमच्या वहीत तीन ओळीही नव्हत्या.

सांगायचं ते एवढंच की पोराकडे बघताना आपण पहिले काही महिने त्याचा फुटबॉल कमी आणि जन्मतारीख, वाढ, पायातले बूट, सकाळचं जेवण हेच जास्त मोजत असतो. ते आधी वजा करायला शिका. उरेल त्याला क्षमता म्हणा.

जन्मतारखेचा कागद

सुरुवात मैदानावर करू नका, रजिस्टर घेऊन बसा. बहुतेक स्पर्धांत वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते. म्हणजे २ जानेवारीचा आणि २८ डिसेंबरचा पोरगा एकाच गटात. दहा वर्षांच्या पोरासाठी हा फरक म्हणजे आयुष्याचा दहावा भाग. युरोपातल्या अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं ठळकपणे जास्त निवडली जातात, हे अनेकदा तपासलं गेलं आहे. इथे वेगळं काही घडत असेल असं समजायला कारण नाही.

एक कागद घ्या, चार रकाने पाडा: जानेवारी-मार्च, एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर. आपल्या संघातली सगळी नावं त्यात टाका. पहिला रकाना भरून वाहत असेल आणि चौथ्यात दोन-तीनच नावं असतील, तर दोष डिसेंबरच्या पोरांचा नाही. तुम्ही निवडताना वय निवडलंय. हा कागद निवड चाचणीच्या दिवशी खिशात ठेवा आणि चौथ्या रकान्यातल्या प्रत्येक पोराला पुन्हा एकदा, मुद्दाम पाहा.

कागद खरा आहे का, हेही बघावं लागतं. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत घालताना गुरुजींनीच तारीख लिहिलेली. आता जन्मदाखले आहेत, तरी दाखल्यावर जन्माच्या तारखेसोबत नोंदणीची तारीखही बघा. जन्मानंतर पाच-सहा वर्षांनी नोंदणी झाली असेल तर शांतपणे विचारा, आरोप करू नका. वय लपवण्याचा रोग फक्त आपला नाही. फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय करून वय पडताळते. आपल्याकडे मशीन नाही, पण दोन वर्षं जास्त वयाचा पोरगा "विलक्षण" वाटतो, एवढं लक्षात असलं तरी पुष्कळ.

भिंतीवरच्या खुणा

आता वाढ. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती सरासरी तेरा ते चौदाच्या सुमारास; मुलींची त्याच्या साधारण दोन वर्षं आधी. पण सरासरीच्या आत फार मोठी तफावत असते. एखाद्याची उसळी बाराव्या वर्षी, एखाद्याची पंधराव्या. त्या वर्षात पोरगा आठ-दहा सेंटिमीटर उंच होतो. म्हणून चौदा वर्षांच्या गटात एकाच वर्गातली दोन पोरं, एक बापासारखा दिसणारा आणि एक चौथीतला वाटणारा, समोरासमोर उभी असतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या अकादम्यांनी यावर उपाय म्हणून काही सामने वयाऐवजी शारीरिक वाढीच्या गटांनुसार खेळवून पाहिले. लवकर वाढलेल्यांना धक्का मारून भागेना, डोकं चालवावं लागलं. लहानखुऱ्यांना चेंडू पायात ठेवायला उसंत मिळाली. हे आपणही महिन्यातून एकदा करू शकतो, खर्च शून्य.

मोजायचं कसं? स्टोअररूमच्या भिंतीवर मोजपट्टी चिकटवा. दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच वेळी (सकाळची उंची संध्याकाळपेक्षा थोडी जास्त भरते), बूट काढून, टाच भिंतीला लावून मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढ दिसली की त्याच्या नावापुढे खूण करा: हा सध्या उसळीत आहे. या काळात पाय लांब झालेले, पण डोक्याला अजून त्यांची सवय नाही. काल चेंडू पायाला चिकटवून पळणारा पोरगा आज स्वतःच्याच पायात अडखळतो. त्याच्यावर निकाल देऊ नका, त्याला संघातून काढू नका. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतं म्हणाला तर "नाटक करतोस" म्हणू नका. या वयात वाढणाऱ्या हाडाला स्नायूचा ताण बसून तिथे खरंच दुखतं. सराव कमी करा, गरज पडली तर डॉक्टरांना दाखवा.

पुढे उंची किती होईल याचा ढोबळ अंदाज आई-वडिलांच्या उंचीवरून येतो. मुलासाठी दोघांची बेरीज करून त्यात १३ सेंटिमीटर मिळवा आणि निम्मे करा. मुलीसाठी १३ वजा करा आणि निम्मे करा. वडील १६८, आई १५४ असेल तर मुलाचा अंदाज १६७.५. आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं, त्यामुळे याच्या जोरावर कुणाला निवडू किंवा नाकारू नका. उपयोग इतकाच की आज १५० असलेला पोरगा अजून बराच वाढायचाय की जवळजवळ संपलाय, हे कळतं. आणि वडिलांची उंची तोंडी विचारू नका, भिंतीला उभं करून मोजा. प्रत्येक बाप दोन इंच जास्त सांगतो.

ऊन, माती, पोट

सोलापूरच्या मैदानांना हिरवळीचं स्वप्न पडतं, एवढंच. मुरूम, खडे आणि मार्चनंतर दगडासारखी घट्ट झालेली जमीन. चेंडू टप्पा पडला की वाट्टेल तिकडे उडतो. अशा मैदानावर पहिल्या स्पर्शाला चेंडू दोन फूट लांब गेला, तर तो दोष पोराचा की खड्याचा? त्यामुळे तुलना एकाच पट्ट्यावर करा. आज नेहरूनगरच्या मैदानावर पाहिलेला आणि परवा शाळेच्या फरशीलगत पाहिलेला, हे दोघे एका तागडीत घालू नका. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) भरला की होम मैदान जत्रेचं होतं आणि सराव कुठेतरी कोपऱ्यात सरकतो. त्या पंधरवड्यातल्या निरीक्षणांपुढे तसं लिहून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो. चाचणी घ्यायचीच तर सकाळी सातच्या आत उरका. संध्याकाळी पाचला पळवलेला पोरगा "दमसास नाही" असा शेरा घेऊन घरी जातो, आणि शेरा असतो उन्हाचा. रमजानमध्ये रोजा धरलेल्या पोरांची धावण्याची चाचणी दुपारी घेणं तर शुद्ध अन्याय. त्यांना महिना संपल्यावर पाहा.

चाचणीच्या दिवशी सगळ्यांना विचारा, सकाळी काय खाल्लं. चहा-खारीवर आलेला आणि भाकरी-भाजी खाऊन आलेला यांचा शेवटच्या वीस मिनिटांतला फरक तुम्हाला क्षमतेसारखा दिसेल. आम्ही चाचणीच्या अर्धा तास आधी सगळ्यांना शेंगदाणे-गूळ देतो. शेंगांचं सोलापूर आहे, यापेक्षा स्वस्त काय? आणि बूट. कॅनव्हासचे बूट घालून आयुष्य काढलेल्या पोराला पहिल्यांदा स्टड (तळाला गुट्ट्या असलेले फुटबॉलचे बूट) घालायला दिले की तो बर्फावर चालल्यासारखा चालतो. त्याला त्याच्या सवयीच्या बुटात खेळू द्या.

गैरहजेरी हाही असाच फसवा आकडा. पूर्व भागातल्या एका पोराच्या नावापुढे मी दोन महिने "अनियमित" लिहीत होतो. आई विड्या वळायची आणि त्या कारखान्यात पोचवायचं काम त्याचं होतं, हे मला उशिरा कळलं. तो आठवड्यातून तीन दिवस यायचा, पण यायचा तेव्हा पंधरा मिनिटं आधी.

चेंडू सोडून पोराकडे बघा

आता वजाबाकी झाली, खेळाकडे येऊ. अकरा-अकराचा सामना लावून निवड करणं सोडून द्या. त्यात कडेच्या पोराला अर्ध्या तासात चेंडू जेमतेम सात-आठ वेळा मिळतो. चार-चारचा खेळ (चार विरुद्ध चार) लावा, ३० बाय २० मीटरच्या आसपासच्या चौकोनात, गोलकीपरशिवाय, छोटे गोल, पाच-पाच मिनिटांचे डाव, प्रत्येक डावानंतर संघ बदला. दहा वर्षांच्या पोरांना चार नंबरचा चेंडू द्या, पाच नंबरचा नको.

मग एकेक पोरगा निवडून एक अख्खा डाव फक्त त्यालाच पाहा. चेंडू कुठे आहे हे विसरा. अवघड जातं, सवय लागते.

पहिली गोष्ट मान. चेंडू आपल्याकडे येण्याआधी पोरगा इकडेतिकडे बघतो का? नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंचे व्हिडिओ तपासून दाखवलं की चेंडू मिळण्याआधी वारंवार मान वळवून बघणाऱ्यांचे पास जास्त जमतात. मोजायला सोपं आहे: चेंडू मिळण्याच्या आधीच्या दहा सेकंदांत किती वेळा त्याने चेंडूवरून नजर काढून दुसरीकडे पाहिलं. पाच वेळा चेंडू मिळाला की पाच आकडे लिहा. बारा वर्षांची बरीच पोरं शून्यावर असतात, चेंडूला डोळे चिकटवून. एखादा न शिकवता दोन-तीनदा बघत असेल, तर तो पोरगा आत्ता कितीही बुटका असो, वहीत त्याच्या नावाभोवती गोल काढा.

दुसरी, चेंडू गमावल्यानंतरची पाच सेकंदं. कुणी कमरेवर हात ठेवतो, कुणी मित्रावर ओरडतो, कुणी तिथून तसाच परत वळून मागे लागतो. यातून स्वभाव कळतो असं म्हणतात. मी म्हणेन, काल रात्रीची झोपही कळते. एकदा पाहून ठरवू नका.

तिसरी, बोलणं. इथे सोलापूरची खास गंमत आहे. आमच्या मैदानावर "इकडं दे", "इक्कड", "इल्ली" आणि "इधर दे बे" एकाच हल्ल्यात ऐकू येतं. घरी तेलुगू बोलणारा पोरगा मराठी प्रशिक्षकासमोर गप्प असतो, आणि आपण लिहितो "संवाद नाही". त्याला त्याच्या भाषेतल्या दोन पोरांबरोबर खेळवून बघा. मग तो मैदान चालवायला लागतो.

वेगही बघाच, पण शेवटी. मोबाईल मैदानाच्या कडेला स्टँडवर ठेवा, एकमेकांपासून दहा मीटरवर मांडलेले दोन शंकू चौकटीत दिसतील असा. स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने, चित्रण करा आणि पहिल्या शंकूपासून दुसऱ्यापर्यंतच्या फ्रेम मोजा. फ्रेमना २४० ने भागलं की सेकंद मिळाले. घड्याळाचं बटण दाबणाऱ्या बोटापेक्षा हे कितीतरी बरं. तीन धावा, त्यातली सर्वात चांगली धरा. आकड्यापुढे त्या दिवशीची उंची लिहायला विसरू नका. तेराव्या वर्षीच्या वेगात वाढीचाही मोठा वाटा असतो. नेदरलँड्सचा आयाक्स क्लब मुलांना चार गोष्टींवर तोलतो: तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व, वेग. आपले लोक यादी उलटी वाचतात, वेगापासून सुरुवात करून तिथेच थांबतात.

सोमवारी शिकवा, पुढच्या सोमवारी बघा

मला विचाराल तर सगळ्या चाचण्यांत ही सर्वात कामाची, आणि हिला ना यंत्र लागतं ना पैसा.

पोरांना अजिबात माहीत नसलेली एक गोष्ट निवडा. समजा, अंग अर्धवट वळवून लांबच्या पायावर चेंडू घेणं. सोमवारी पंधरा मिनिटं शिकवा. कोण पटकन जमवतो याकडे फार लक्ष देऊ नका. बुधवारी त्याबद्दल काही बोलू नका, फक्त चार-चारचा खेळ लावा आणि कोण आपणहून ते करून बघतो ते टिपा. फसलं तरी चालेल, करून बघितलं का? पुढच्या सोमवारी पुन्हा पाहा. काही पोरं सोमवारी सुंदर करतात आणि बुधवारी विसरतात. काही सोमवारी हास्यास्पद दिसतात, पण पुढच्या सोमवारी सामन्यात करून मोकळी होतात. मधल्या आठवड्यात ती कुठेतरी, गल्लीत, गच्चीवर, भिंतीवर चेंडू मारत बसलेली असतात. हे विचारून खात्री करा.

महिन्यातून एकदा नवी गोष्ट घेऊन असंच करा. सहा महिन्यांत सहा नोंदी. आज कोण कुठे उभा आहे यापेक्षा कोण किती सरकला, हे या सहा नोंदींत दिसतं. जूनमध्ये दहापैकी आठ असलेला नोव्हेंबरमध्येही आठच, आणि चार असलेला सात. दुसरा मला हवा.

वहीत काय लिहायचं

शंभर पानी साधी वही, प्रत्येक पोराला दोन पानं. "चांगला", "हुशार", "आळशी", "उपजत" हे शब्द बंद. डोळ्याला दिसलं आणि कानाला ऐकू आलं तेवढंच. उदाहरणार्थ:

"१४ जुलै. पाऊस पडून मैदान मऊ. समोरचे दोघे वयाने मोठे. चेंडू मिळण्याआधी मान: १, ०, २, १, २. डाव्या पायाने दोन पास, दोन्ही पोचले. चेंडू गेल्यावर चारपैकी तीनदा लगेच मागे पळाला. सकाळी उपमा खाल्ला म्हणाला. उंची १४१."

सहा महिन्यांनी ही पानं वाचायला बसलात की स्वतःचीच गंमत वाटते. ज्याच्याबद्दल तुम्ही ठाम होता त्याच्या पानावर पुरावा काहीच नसतो, नुसतं तुमचं प्रेम असतं.

दोन प्रशिक्षकांनी वेगळ्या वह्या ठेवा आणि महिनाअखेर एकमेकांच्या वाचा. आधी बोलू नका. मोठा प्रशिक्षक आधी बोलला की धाकट्याचे डोळे बंद होतात. आपल्या गल्लीतल्या, आपल्या शाळेतल्या, आपल्याला रोज "गुड मॉर्निंग सर" म्हणणाऱ्या पोराचं पान दुसऱ्याने भरावं.

गोलकीपरबद्दल थोडक्यात: सर्वात उंच पोराला गोलात उभं करून विषय मिटवू नका. बाराव्या वर्षी उंची कळत नाही. चेंडूसमोर डोळे मिटतो का आणि पायाने खेळतो का, हे बघा. चौदापर्यंत प्रत्येकाला सगळ्या जागांवर खेळवा. मुलींच्या बाबतीत वाढीचं वेळापत्रक आधी सरकवा. अकरा-बाराव्या वर्षी अडखळणारी मुलगी त्याच उसळीतून जात असते. बारापर्यंत त्यांना मुलांबरोबरच पाहा. घरून परवानगी मिळवणं हे तुमचंही काम आहे, एकट्या तिचं नाही.

"सर, आमचा पोरगा नॅशनल खेळेल का?"

हा प्रश्न येणारच, बहुतेक वेळा मोटारसायकल चालू ठेवून. उत्तर "हो" देऊ नका, "नाही" तर मुळीच नको. वही उघडा आणि गेल्या सहा महिन्यांत काय बदललं ते वाचून दाखवा. वडिलांना भविष्य ऐकायचं असतं, पण हातात वही दिसली की ऐकून घेतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, हे सांगा. रस्ता जवळून जातो हे त्यांना कळू दे. त्याच दमात हेही सांगा की त्या संघात देशभरातून फक्त एकवीस जण होते.

कुणाला सोडावं लागलं, तर निरोप मोबाईलवर पाठवू नका. आई-वडिलांना बोलवा, पोराला समोर बसवा. पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेल्या हॅरी केनला आर्सेनल क्लबने नवव्या वर्षाच्या आसपास सोडलं होतं. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडलं आणि २०१६ ला तो लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. पुढे फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेल्या ग्रीझमनला फ्रान्समधल्या क्लबांनी लहानखुरा म्हणून परत पाठवलं, तेव्हा तो स्पेनला गेला. ही नावं पोराला धीर देण्यासाठी वापरू नका, त्याने खोट्या आशेवर जगू नये. ती तुमच्यासाठी आहेत. त्या क्लबांत तुमच्या-माझ्यापेक्षा शिकलेले लोक होते.

म्हणून सोडलेल्या पोराचं पान फाडू नका. त्यावर घरचा फोन नंबर, आजची उंची आणि आई-वडिलांची उंची लिहा. तो शाळेकडून सुब्रोतो करंडक (शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा) खेळणार असेल तर शाळेचं नाव लिहा आणि सामना बघायला जा. पानाच्या वरच्या कोपऱ्यात दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा रविवार लिहून ठेवा. त्या दिवशी फोन करा, सकाळी सातला बोलवा, आधी भिंतीला उभा करून उंची मोजा आणि चार-चारच्या खेळात उतरवा.